चंदीत मिसळलेली ताकद

राइस ब्रॅन तेलाच्या डब्यावर ‘ओरायझनॉल’ हा शब्द आता घरोघरी दिसतो. हृदयाला बरं म्हणून आपण ते तेल आणतो. हेच गॅमा-ओरायझनॉल शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मात्र वेगळ्याच कारणासाठी विकलं जातं. तिथल्या जाहिरातीचा सूर साधारण असा असतो: पूर्णपणे नैसर्गिक, स्टेरॉइडमुक्त, तरीही टेस्टोस्टेरॉनला चालना देणारं. रोजच्या चंदीत एक माप टाका, महिन्या-दोन महिन्यांत घोड्याची पाठ आणि पुठ्ठे भरून येतील.

या मजकुरातली गोम ट्रेनरच्या लगेच लक्षात यायला हवी. पूरक खाऊन टेस्टोस्टेरॉन खरोखर वाढलं, तर शर्यतीनंतरच्या तपासणीत घोडा पकडला जाईल. तो पकडला जात नाही याचा अर्थ हार्मोन फारसं हललेलंच नाही. डबा विकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बोलायचं असतं. तरीही असे डबे जगभर खपतात, कारण घोडा महाग, स्पर्धा अटीतटीची आणि मालक अधीर.

गॅमा-ओरायझनॉल हा एकच पदार्थ नव्हे. भाताच्या कोंड्यातल्या तेलात सापडणाऱ्या काही संयुगांचं ते सामायिक नाव. १९५०च्या दशकात जपानी संशोधकांनी ही संयुगं वेगळी काढली. फेरुलिक आम्लाला वनस्पतींमधले स्टेरॉल जोडले गेले की ती तयार होतात. स्टेरॉल म्हटलं की कोलेस्टेरॉल आठवतं. कोलेस्टेरॉलपासून शरीर टेस्टोस्टेरॉन बनवतं, मग वनस्पतीच्या स्टेरॉलपासूनही बनवत असेल, असा तर्क विक्रेत्यांनी लढवला. तो दोन ठिकाणी फसतो. वनस्पतींचे स्टेरॉल आतड्यातून रक्तात फारसे शिरतच नाहीत, आणि जे थोडेफार शिरतात त्यांचं टेस्टोस्टेरॉन होताना कुणाला दिसलेलं नाही. पिट्युटरी ग्रंथीतून निघणारं ल्युटिनायझिंग हार्मोन वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायचा हुकूम देतं. उंदरांना ओरायझनॉल टोचून पाहिलं, तेव्हा हे हार्मोन वाढण्याऐवजी घटलं.

मग कोंडा खाऊन घोडा अंग धरतो तो कशाने? तेलाने. तेल न काढता टिकवलेल्या भाताच्या कोंड्यात जवळजवळ पाचवा हिस्सा चरबी असते. एवढी ऊर्जा पोटात गेल्यावर घोडा भरणारच, त्याच्या केसांवर चकाकीही येणार. श्रेय मात्र डब्यावरच्या अवघड नावाला मिळतं.

याच कोंड्याने एक हार्मोन खरोखर वाढतं. डब्यावर त्याचा उल्लेख नसतो. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं. भाताच्या कोंड्यात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापटींहून जास्त. घोड्याला हे प्रमाण उलटं लागतं, म्हणजे कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट. कोंड्याचा मारा महिनोन्‌महिने चालू राहिला की रक्तातलं कॅल्शियम सांभाळण्यासाठी गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी जादा हार्मोन सोडू लागतात. हे हार्मोन हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतं. आधी घोडा मधूनच लंगडतो, पण कुठल्या पायाने ते नीट सांगता येत नाही. मग चावताना त्रास होतो. शेवटी जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडांची जागा तंतुमय ऊती घेतात आणि नाकाच्या दोन्ही बाजू फुगून येतात. इंग्रजीत या दुखण्याला ‘बिग हेड’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या गिरणीवाल्यांच्या घोड्यांना ते हमखास होई, कारण दळणातून उरलेला कोंडा फुकट होता आणि घोडा समोरच बांधलेला होता. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये सेटारिया आणि बफेल गवतावर चरणाऱ्या घोड्यांना हेच होतं. तिथे कॅल्शियम गवतात असतं, पण ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं. आपल्याकडे हत्तीगवत म्हणून लावतात त्या नेपियरमध्येही ऑक्झॅलेट असतं. घोड्याला रोज नेपियर घालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं. चांगल्या कंपन्या कोंड्यात चुना मिसळूनच विकतात, आणि लसूणघासात कॅल्शियम भरपूर असल्याने सोबत तो असला तर तोल सावरतो.

ताकदीच्या डब्यांत दुसरं एक नाव आपल्या अगदी ओळखीचं. शेताच्या बांधावर अनवाणी पायात घुसणारा सराटा, म्हणजेच गोखरू. लहानशी पिवळी फुलं आणि चारी बाजूंनी टोकदार काटे असलेलं फळ. १९८०च्या दशकात बल्गेरियातून या वनस्पतीच्या अर्काचा गाजावाजा सुरू झाला, वेटलिफ्टरांनी तो उचलला आणि तिथून तो घोड्यांच्या पूरकांत आला. माणसांवर नीट बेतलेल्या चाचण्या झाल्या, तेव्हा टेस्टोस्टेरॉन तसूभरही वाढलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांना या वनस्पतीची ओळख वेगळीच आहे. ती भरपूर खाल्लेल्या मेंढ्यांचं यकृत बिघडतं आणि उन्हाने तोंड सुजून पिवळं पडतं. मेथीच्या डब्यांबद्दल इतकंच सांगतो की ब्रिटनमध्ये घोड्यांना वेगवेगळे स्वाद चाखायला दिले, तेव्हा मेथी त्यांना सगळ्यांत जास्त आवडली. चंदी न खाणाऱ्या घोड्याला खायला लावायचा तो उत्तम उपाय आहे. त्यापलीकडे तिच्याकडून फार अपेक्षा नको.

घोड्याच्या शरीरातलं हार्मोन मोजणं दिसतं तितकं सोपं नाही. कारण हा प्राणी मुळातच हार्मोनच्या बाबतीत विचित्र आहे. १९३४ साली बर्नहार्ड झोंडेक यांनी दाखवून दिलं की वळू घोड्याच्या लघवीत इस्ट्रोजेन, म्हणजे ज्याला आपण मादीचं हार्मोन म्हणतो ते, प्रचंड प्रमाणात असतं. अंगात नरपणा ओसंडून वाहणारा हा प्राणी आणि लघवीत मादीच्या हार्मोनचा पूर! त्याच्या वृषणात इस्ट्रोजेन बनवणारं एन्झाइम जोरात काम करतं. त्याच कारखान्यात नॅन्ड्रोलोनही तयार होतं. खेळाडूंच्या डोपिंगच्या बातम्यांत सारखं ऐकू येणारं हे स्टेरॉइड वळू घोडा कुणी न टोचताच बनवतो. बोल्डेनोनचंही तसंच. त्यामुळे ‘स्टेरॉइड सापडलं’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. किती सापडलं आणि कुणात सापडलं ते बघावं लागतं.

म्हणून इंटरनॅशनल फेडरेशन ऑफ हॉर्सरेसिंग अथॉरिटीज या जागतिक संघटनेच्या करारात निरनिराळ्या घोड्यांसाठी निरनिराळ्या मर्यादा आहेत. खच्ची केलेल्या घोड्याच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅमपर्यंत चालतं, कारण वृषण काढले तरी अ‍ॅड्रेनल ग्रंथी थोडंफार बनवत राहतात. घोडीसाठी हा आकडा ५५, पण ती गाभण असेल तर तो लागू नाही. कॉर्टिसोलला लघवीत मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. या यादीत चाऱ्याची सावलीही दिसते. सॅलिसिलिक आम्लाला मर्यादा ठेवावी लागली, कारण ते लसूणघासातून येतं. थिओब्रोमिनला ठेवावी लागली, कारण पशुखाद्यात कोकोची टरफलं मिसळली जात.

नमुना घेण्याचा प्रसंग एकदा बघण्यासारखा असतो. शर्यत संपल्यावर जिंकलेला घोडा आणि स्ट्युअर्डांनी नेमलेले आणखी काही घोडे एका बंदिस्त खणात नेतात. अंगावर पाणी मारून, फिरवून त्यांना थंड केलेलं असतं आणि खाली ताजा पेंढा पसरलेला असतो. लांब दांड्याला भांडं लावून एक माणूस कडेला उभा राहतो आणि मोतद्दार हलक्या आवाजात शीळ घालत राहतो. लघवीच्या वेळी शीळ ऐकायची सवय घोड्याला तबेल्यात रोज लावलेली असते. पाय फाकले की भांडं पुढे सरकतं. नमुन्याचे दोन भाग होतात, दोन्हींना सील लागतं आणि दुसरा भाग वादाच्या प्रसंगासाठी राखून ठेवतात. लघवी झालीच नाही तर रक्त घेतात. अलीकडे आयाळीचे केसही तपासतात. टोचायच्या टेस्टोस्टेरॉनला प्रोपिओनेटसारखी रासायनिक शेपटी जोडलेली असते. शरीर स्वतः असं टेस्टोस्टेरॉन बनवत नाही, आणि केसात त्याची खूण महिनोन्‌महिने टिकते.

आता कोबाल्टकडे वळू. पूरक आणि हार्मोन यांची गाठ इथे खरोखर पडते, आणि मूर्खपणाही इथेच सगळ्यांत जास्त दिसतो. कोबाल्ट हा ब जीवनसत्त्वांपैकी बी-१२ चा गाभा. घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जीवाणू चाऱ्यातल्या कोबाल्टपासून बी-१२ बनवतात. पाचशे किलोच्या घोड्याची रोजची गरज सुमारे अर्धा मिलिग्रॅम, आणि ती साध्या गवतावरही भागते. कोबाल्टच्या कमतरतेने आजारी पडलेला घोडा पशुवैद्यकाच्या नोंदींत सापडत नाही. तरीही कोबाल्ट क्लोराइडचे द्राव घोड्यांत टोचले गेले ते एरिथ्रोपोएटिन, म्हणजे ईपीओ या हार्मोनच्या आशेने. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंड ईपीओ सोडतं आणि अस्थिमज्जा लाल पेशी वाढवते. ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही हे पेशीत ठरवणारं एन्झाइम लोहावर चालतं. तिथे कोबाल्ट घुसलं की एन्झाइम बंद पडतं आणि हवा भरपूर असूनही पेशीला गुदमरल्यासारखं वाटतं. माणसांच्या पंडुरोगावर एके काळी कोबाल्ट क्लोराइड औषध म्हणून देत, ते याच तत्त्वावर. १९६०च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकमध्ये बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्ट घातलं गेलं आणि ती भरपूर पिणाऱ्यांची हृदयं निकामी झाली. तेव्हा त्याची दुसरी बाजू सगळ्यांना कळली.

घोड्याला मुळात या उसन्या लाल पेशींची गरजच नसते, कारण त्याच्याकडे निसर्गाने दिलेलं कोठार आहे: प्लीहा. उभ्या घोड्याच्या रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण चाळीस टक्के. लाल पेशींचा एकतृतीयांश किंवा त्याहूनही मोठा साठा प्लीहेत पडून असतो. स्टार्टिंग गेटमध्ये शिरल्याबरोबर अ‍ॅड्रेनलिन चढतं, प्लीहा आकसते आणि तो साठा रक्तात ओतला जातो. धावत्या घोड्यात हा वाटा साठ टक्क्यांच्या पुढे जातो. माणसाच्या रक्तात एवढी दाटी झाली तर डॉक्टर घाबरून जातील. शर्यतीच्या ऐन क्षणी घोड्याचं रक्त आधीच दाटपणाच्या टोकाला असतं. त्यात आणखी पेशी भरल्या तर ते वाहायलाच जड होतं. प्रत्यक्ष प्रयोगात घोड्यांच्या शिरेत कोबाल्ट दिलं, तेव्हा ना ईपीओ वाढलं ना लाल पेशी. डोस वाढवला तेव्हा घोड्यांना घाम सुटला, रक्तदाब चढला, हृदयाचे ठोके वाढले, ते खूर आपटू लागले. माणसांसाठी बनवलेलं ईपीओ टोचण्याचा प्रकार तर याहून घातक निघाला. काही घोड्यांच्या शरीराने त्या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आणि ती स्वतःच्या ईपीओवरही उलटली. लाल पेशी वाढवायला गेले आणि घोडे रक्तक्षयाने मेले.

नियमही कडक झाले. ऑस्ट्रेलियात आधी लघवीत लिटरला २०० मायक्रोग्रॅम कोबाल्टची मर्यादा आली, पुढे ती १०० वर आणली गेली. आंतरराष्ट्रीय करारातही हीच १०० आहे, आणि प्लाझ्मात २५. पण मर्यादा आली की प्रश्न उठतो, डब्यातल्या कोबाल्टचं काय? जीवनसत्त्वांच्या इंजेक्शनांत, खुरांसाठीच्या पूरकांत थोडं कोबाल्ट असतंच. सलग २५ शर्यती जिंकून अपराजित राहिलेल्या ब्लॅक कॅव्हियर या घोडीचे ट्रेनर पीटर मूडी यांच्या लिडारी नावाच्या घोड्यात २०१४ साली मेलबर्नच्या टर्नबुल स्टेक्सनंतर मर्यादेपेक्षा जास्त कोबाल्ट आढळलं. कामगिरी वाढवण्यासाठी ते मुद्दाम दिलं, हा आरोप टिकला नाही. खुरांचं पूरक चुकून जास्त दिलं गेलं, असा त्यांचा बचाव होता. तरी तबेल्यावर नीट देखरेख ठेवली नाही म्हणून २०१६ मध्ये त्यांना बारा महिन्यांचं निलंबन झालं, त्यातले सहा स्थगित. मूडींनी तेव्हा धंदाच सोडला. काही वर्षांनी ते परतले. एका चमच्याची किंमत इतकी असू शकते.

थायरॉइडची गोष्ट याहून साधी. कॅलिफोर्नियात २०११ ते २०१३ या काळात एका नामवंत ट्रेनरचे सात घोडे अचानक मेले. चौकशीत कळलं की तबेल्यातल्या सगळ्याच घोड्यांना चंदीबरोबर थायरॉक्सिनची पूड दिली जात होती. थायरॉइडचा आजार आहे की नाही हे न बघताच. मृत्यूंचं नक्की कारण सापडलं नाही आणि नियमभंगही ठरला नाही. पण शरीराच्या चयापचयाची गती ठरवणारं हार्मोन तिथे मिठासारखं वाटलं जात होतं, हे उघड झालं. उलट दिशेनेही घोटाळा होतो. समुद्री शेवाळाची पूरकं आयोडीनने भरलेली असतात. घोड्याला दिवसाला सुमारे साडेतीन मिलिग्रॅम आयोडीन पुरतं. त्याच्या कित्येक पट आयोडीन गाभण घोड्यांना गेलं की शिंगरं गलगंड घेऊन जन्मतात. १९६८ सालीच अमेरिकी पशुवैद्यकांनी हे नोंदवून ठेवलंय.

खऱ्या स्टेरॉइडांची प्रकरणं पूरकांच्या पलीकडची असली तरी एक उल्लेख करायला हवा. २००८ साली बिग ब्राउन या घोड्याने केंटकी डर्बी आणि प्रीकनेस जिंकली, तेव्हा त्याला स्टॅनोझोलॉल नियमित दिलं जात होतं आणि ते त्या वेळी कायदेशीर होतं. पुढच्या बेलमाँट शर्यतीआधी ते थांबवलं आणि तिथे तो शेवटचा आला. त्यामागे दुसरी कारणंही असू शकतील, पण त्या एका शर्यतीने अमेरिकेतली चर्चा पालटली. इंग्लंडमध्ये २०१३ साली गोडॉल्फिनच्या न्यूमार्केट तबेल्यातले घोडे स्टेरॉइडांसह सापडले आणि ट्रेनर महमूद अल झरूनी यांच्यावर आठ वर्षांची बंदी आली.

निर्दोष तबेलाही चाऱ्यामुळे अडचणीत येतो. इंग्लंडच्या तत्कालीन राणीच्या एस्टिमेट या घोडीने २०१३ साली अ‍ॅस्कॉटचा गोल्ड कप जिंकला; २०१४ मध्ये ती दुसरी आली आणि तिच्या नमुन्यात मॉर्फिन निघालं. ते आलं होतं खसखशीच्या अंशाने दूषित झालेल्या खाद्यातून. तिला दुसरा क्रमांक गमवावा लागला. २०२० च्या ऑक्टोबरात पॅरिसला आर्क दे ट्रिओम्फ या शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रेनर एडन ओब्रायन यांना चार घोडे मागे घ्यावे लागले, कारण खाद्यात झिल्पॅटेरॉल निघालं. काही देशांत गुरांचं मांस वाढवायला ते वापरतात. तिथे माग उसाच्या मळीपर्यंत पोचला होता.

इतकं सगळं झाल्यावर तबेल्यातल्या माणसाने हार्मोनसाठी करायचं काय? उत्तर रोजच्या खुराकातच आहे, आणि ते इतकं साधं आहे की कुणी डब्यात भरून विकत नाही. घोड्याच्या पोटात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, कारण निसर्गात तो दिवसातले सोळा-सतरा तास चरतो. त्याला आपण दोन वेळा बादलीभर ओट किंवा जव घालतो आणि मधला वेळ रिकामं ठेवतो. सरावातल्या दहा घोड्यांतल्या आठ-नऊंच्या पोटात अल्सर सापडतात ते यामुळे. स्टार्चची मोठी चंदी खाल्ली की दोनेक तासांत रक्तातलं ग्लुकोज आणि इन्शुलिन शिखर गाठतं. त्याच वेळी घोड्याला धावायला काढलं तर इन्शुलिन चरबीचं इंधन अडवून धरतं आणि ग्लुकोज झपाट्याने खाली येतं. म्हणून शर्यतीआधी चारेक तास दाणे बंद ठेवून थोडं गवत तेवढं देतात. एका वेळच्या चंदीत वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च नसावा. क्रोमियमच्या पूरकांनी इन्शुलिन थोडं खाली आल्याचं काही प्रयोगांत दिसलं, पण चंदीचे दोनाऐवजी चार हप्ते केले तर तेच काम बिनखर्चात होतं.

कॉर्टिसोलचंही तेच. निरोगी घोड्यात ते सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. घोडा ओळखीच्या जागेतून हलवला की हा चढउतार सपाट होतो. मुंबईचा हंगाम संपला की घोडे महालक्ष्मीहून पुण्याला येतात आणि पावसाळा संपता संपता परत जातात. त्या प्रवासानंतरच्या आठवड्यात जे चिडचिडेपण, खाण्यातली टाळाटाळ दिसते, त्यावर ‘शांत करणारी’ पूड द्यायची घाई होते. त्याऐवजी तोच मोतद्दार, त्याच वेळा आणि शेजारी ओळखीचा घोडा मिळाला तर तो लवकर रुळतो.

शर्यतीचे घोडे पाळणारे आपल्यात थोडे. पण सारंगखेड्याच्या बाजारातून घोडा आणणारे, माथेरानला घोड्यांवर पोट भरणारे, रायडिंग क्लब चालवणारे बरेच आहेत आणि ताकदीचे डबे आता त्यांच्यापर्यंतही पोचलेत. डबा घेण्याआधी त्यावर प्रत्येक घटकाचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये छापलंय का ते पाहा. ‘खास मिश्रण’ एवढंच लिहिलं असेल तर तो तिथेच ठेवा. स्पर्धेत उतरणार असाल तर खाद्याच्या प्रत्येक पोत्यातला मूठभर नमुना तारीख टाकून जपून ठेवा. आणि ते पैसे आधी चाऱ्यावर खर्च करा. घोड्याला वजनाच्या किमान दीड टक्का सुका चारा, समोर मिठाचा खडा आणि चोवीस तास पाणी लागतं. चारशे किलोच्या घोड्याला हा चारा दिवसाला सहा किलो होतो.